आत्याची मासिकातली जपानी

आत्याला जपानीत बाही जोडायला सांगता यायचं, कापड उलटं करायला सांगता यायचं, पण ‘जेवलीस का?’ एवढं विचारता यायचं नाही. माझ्या वडिलांची ही थोरली बहीण. कल्याणला मुलींच्या शाळेत शिवण शिकवून निवृत्त झाली आणि कोपरला दोन खोल्यांत एकटी राहायची. मागच्या वर्षी ती गेली. तिच्याविषयी लिहायला बसलो की आधी माझंच काहीतरी कबूल करावंसं वाटतं. ती असती तर म्हणाली असती, “तुझं रडगाणं नंतर. आधी मुद्द्याचं बोल.”

मुद्द्याचं असं, की मी नोकरीसाठी जपानला गेलो, तिथल्याच युकीशी लग्न केलं आणि आम्हाला मिओ झाली. एका सुट्टीत आत्यासाठी बशा आणल्या होत्या. प्रवासात फुटू नयेत म्हणून युकीने मध्ये आपली जुनी मासिकं भरली होती. आत्याने बशा फळीवर ठेवल्या आणि मासिकं मांडीवर घेतली. “अरे, हे तर फ्रॉकचं पेपर कटिंग! हे मला येतं.” बशांकडे तिने परत पाहिलं नाही.

अक्षरं तिने मोबाइलवर बघून गिरवली. शब्द मात्र चित्रांवरून लावले. “शिवणारी बाई दुसऱ्या शिवणाऱ्या बाईला सांगून सांगून काय सांगणार? घडी घाल, काप, उलटं कर, टीप मार.” कात्रीच्या चित्राजवळ जो शब्द, तो कापण्याचा. दुसऱ्या मासिकातही तो तिथेच सापडला की तिच्या लेखी पक्का. अडलं की पानाचा फोटो मला पाठवायची. मी कामाच्या गडबडीत लिहायचो, “आत्या, ठाण्याला क्लास असतात, लाव ना एखादा.” मग तिने माझा नाद सोडला आणि युकीला धरलं. युकी पान मोठ्याने वाचून पाठवायची, आणि आत्या भाजी निवडता निवडता ते पुन्हा पुन्हा ऐकायची.

शेजारच्या वहिनी चिडवायच्या, “आत्या, या वयात जपानी? भूतबित लागलंय की काय?”

“भूत नाही गं, नात लागलीय. बापाने तिला मराठी दिलं नाही, मग मीच जाते तिच्याकडे.”

हे ती माझ्यादेखत म्हणाली, अगदी हसत. मला हसता आलं नाही.

मिओ दर सुट्टीत यायची, आत्याच्या पाया पडायची आणि खिडकीशी जाऊन बसायची. आत्या नुसती बघत राहायची. एकदा मला म्हणाली, “तुमच्या मासिकांत कुणी कुणाला काही विचारतच नाही रे. नुसते हुकूम. आता नातीला काय हुकूम सोडू?” युकीला हे कळलं तेव्हा तिने आरोग्याच्या मासिकातली पानं पाठवली, वाचकांच्या तक्रारींना डॉक्टर उत्तरं देतात ती. आत्या खूश झाली. तिथे प्रश्नच प्रश्न होते.

पुढच्या सुट्टीत माझे चुलतभाऊ रात्री जेवायला आले आणि एका जुन्या किश्श्यावर आम्ही हसून हसून घर डोक्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मिओने ताट बाजूला सारलं. आत्या तिच्यासमोर फरशीवर बसली, पाठ ताठ केली आणि डॉक्टरांच्या थाटात विचारलं, “सोनो इतामि वा, इत्सु कारा देस का?” म्हणजे, हे दुखणं कधीपासून आहे?

मला हसू फुटणार होतं. मिओ मात्र हसली नाही. थोडा विचार करून ती जपानीत म्हणाली, “गेल्या वेळेपासून.” आणि मग बोलतच सुटली. “इथे आले की बाबा दुसरेच कुणीतरी होतात. मोठ्याने हसतात. आमच्या घरी असे कधीच हसत नाहीत. कशाला हसता विचारलं तर म्हणतात, काही नाही.”

मी दारातच थबकलो. आत्या गंभीरपणे मान हलवत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिने मासिकातला सल्ला जसाच्या तसा दिला, “औषध जेवणानंतर घ्यावे,” आणि आंबावडीचा डबा दाखवून मागे लपवला. आता मिओ खुदकन हसली. वरणभात संपवला आणि औषधासाठी हात पुढे केला.

आत्याच्या मागोमाग स्वयंपाकघरात जाऊन मी विचारलं, “आत्या, तुला कळलं ती काय म्हणाली?”

“बाबा कळलं, हसतात कळलं. बाकीचं तुला कळलंय ना? मग इथे माझ्याजवळ काय उभा आहेस?”

मी मिओजवळ जाऊन बसलो. आदल्या रात्रीचा किस्सा जपानीत सांगितला. त्यातली सगळी गंमत वाटेतच मेली. मिओने शांतपणे ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, “आता तुमच्या भाषेत सांगा.” सांगितला. तिला एक शब्द कळला नाही, पण ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि पुन्हा सांगायला लावला.

तिथून तिचं मराठी सुरू झालं. आत्या असेपर्यंत दोघींचे फोन चालायचे. आत्या मासिकातल्यासारखं जपानी बोलायची, मिओ तिच्या चुका काढायची. मिओ मराठी बोलायची, मग आत्या उट्टं काढायची. कितीदा तरी मला वाटायचं, दोघींची गाडी अडलीय, आपण मदत करावी. मी फोनजवळ तोंड नेलं की पलीकडून आवाज यायचा, “तू थांब रे जरा. आम्ही बोलतोय.”