न्हाणीघरामागचं झाड

केनियात शाळेत शिकवायला होते, तेव्हा घरमालकीण वाम्बुईबाईंचं एक वागणं मला कळायचं नाही. पुढचं अंगण उन्हानं भरलेलं, मोकळं. आणि कॉफीचं एकुलतं एक झाड मात्र न्हाणीघरामागच्या ओल्या सावलीत.

एकदा ते फुललं. पांढऱ्या फुलांचा वास घरभर आला. मी म्हटलं, "बाई, हे पुढे लावायचं ना!"

फुलांकडे बघतच त्या बोलल्या. "पहिलं महायुद्ध संपलेलं, दुसरं व्हायचं होतं. गोरा साहेब बाबांना म्हणाला, कॉफी आली की तुमचं भलं होईल. बाबांनी त्याचा अख्खा मळा उभा केला. मग एक रोप आपल्या दारात लावलं. काळ्या माणसाला कॉफी लावायची बंदी होती. साहेबानं ते बाबांनाच उपटायला लावलं."

इंग्रजांनी आफ्रिकेत रेल्वे आणली, मळे फुलवले, असं मी वर्षानुवर्षं किती विश्वासानं शिकवलं होतं! विकास म्हणे. माझ्याच हातातलं शाळेचं पुस्तक इतकी वर्षं माझ्याशी खोटं बोलत होतं.

"पण बाई, आता कुणाची बंदी आहे?"

"कुणाचीच नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज आपोआप खाली आला. "पण पुढचं झाड रस्त्यावरून दिसतं."