साजिदाचा परदेश

पोलादपूरच्या वर, जिथं डांबर संपतं आणि जीप पोटातलं सगळं ढवळून काढते, तिथं डोंगराच्या कुशीत एक लॉज आहे. सगळीकडे रान, खाली दरी आणि शेजार म्हणायचा तर धनगरांची चार घरं. मुंबई-पुण्याची माणसं तिथं शांतता शोधत येतात आणि आल्या आल्या वायफाय विचारतात. यंदाच्या उन्हाळ्यात या लॉजचं स्वयंपाकघर महाडच्या साजिदाच्या हाती होतं.

साजिदा म्हणजे महाडात कुणाकडे लग्नकार्य निघालं की जेवणासाठी जिला पहिलं बोलावणं जायचं ती बाई. लॉजचा मॅनेजर दीपेश अशाच एका लग्नात तिच्या हातची नारळाच्या दुधातली सांदणं पोट फुटेस्तोवर जेवला आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या दारात येऊन उभा राहिला. "मावशी, पावसापर्यंतचा सीझन सांभाळा. राहायची सोय आहे."

तिच्या नवऱ्याला, झकेरियाला, हे मुळीच पसंत पडलं नाही. त्यानं अर्धं आयुष्य कुवेतला पाण्याचा टँकर चालवण्यात काढलं होतं. गुडघे गेले तेव्हा कायमचा घरी आला. मुलगी रिम्शा लग्न होऊन गेलेली, म्हणजे आता घरात तो एकटाच उरणार. पण माणूस असलं काही कबूल करतो होय!

"तुला नाय जमायचं गो," तो म्हणाला. "घर सोडून कधी राहिलीस? आठवड्यात रडत येशील."

"तुमी जग बघून आलात. मला पोलादपूरच्या पुढं तरी जाऊ द्या."

ईद झाली, पाहुणे पांगले आणि साजिदानं पिशवी भरली. जाताना तिनं एकच गोष्ट मनाशी पक्की केली होती. काही झालं तरी सीझन अर्धा टाकून, रडत घरी यायचं नाही.

सुरुवातीचे दिवस नवलाईत गेले. सकाळची गार हवा, करवंदांनी लगडलेल्या जाळ्या, ताटं चाटूनपुसून परत येणारी. धनगरवाडीची भागूबाई दूध घेऊन यायची आणि चहा पिता पिता गावभरच्या चुगल्या सांगायची. साजिदाला वाटलं, झकेरियाच्या बोलण्याला उगाच भ्यालो आपण.

मग हळूहळू दुपारी अंगावर यायला लागल्या. जेवणं उरकली की पाहुणे खोल्यांत झोपायचे, दीपेश जीप घेऊन बाजाराला जायचा आणि सगळीकडे चिडीचूप. घरी याच वेळी शेजारणी ओट्यावर जमायच्या. इथं सगळे तिला मावशी म्हणत. तिचं नाव दिवसदिवस कुणाच्या तोंडी येत नसे. रांधलेलं सगळ्यांना आवडायचं, पण तिला स्वतःला घास उतरेना. उभ्या उभ्या काहीतरी पोटात ढकलायचं आणि भांड्यांना लागायचं. फार करमेना तिला. अगदी रडू येईपर्यंत करमेना.

फोनला रेंज मिळायची ती फक्त पाण्याच्या टाकीजवळच्या कातळावर. तिथं चढून ती रोज घरी फोन लावायची.

"कशी हायेस?" झकेरिया विचारायचा.

"मजेत हाय. खाणं बेष्ट. माणसंपण चांगली हायेत."

एके दिवशी हेच बोलून तिनं फोन ठेवला आणि जागच्या जागी बसली. हे शब्द तिचे नव्हतेच. कुवेतहून फोन आला की झकेरिया हेच म्हणायचा, याच क्रमानं. मजेत हाय, खाणं बेष्ट, माणसं चांगली. तिनं ते सगळं खरं धरलं होतं. तो तिकडे ऐष करतोय आणि आपण इथं सासूचं आजारपण काढतोय, असं म्हणून मनातल्या मनात त्याच्यावर जळलीसुद्धा होती. ती कातळावरून खाली उतरायला लागली.

"फोनात हसत व्हतीस, आन् आता तोंड असं का गो?" भागूबाईनं वाटेत विचारलं.

"काय नाय," साजिदा म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं फोनवर पुन्हा तेच सांगितलं. खरं बोलावं तर तो म्हणणार, बघ, म्हटलं नव्हतं?

दोन-चार दिवसांनी बाजारातून जीप परत आली. भाजीच्या क्रेटमागून झकेरिया उतरला, एक हात गुडघ्यावर ठेवून. साजिदा धावतच पुढं आली.

"रिम्शा बरी हाय ना?"

"सगळी बरी हायेत. तुला बघायला आलो."

तिनं त्याला स्वयंपाकघरामागच्या सावलीत बसवलं, पाणी दिलं. तो दरीकडे बघत राहिला, मग म्हणाला, "तुला इथं करमत नाय."

"कोण म्हणालं? रोज सांगते ना, मजेत हाय?"

"म्हणूनच कळलं. खरंच मजेत असतीस, तर डाळीत खडे निघाले म्हणून शिव्या घातल्या असत्यास, गॅस संपला म्हणून कटकट केली असतीस. तू एक तक्रार केली नायस, साजिदा. माझं अर्धं आयुष्य तेच बोलण्यात गेलं. मला नाय कळणार?"

किती दिवसांनी तिनं आपलं नाव ऐकलं. पदर डोळ्यांना लावून ती मनसोक्त रडली, आणि त्यानं तिला रडू दिलं.

"तुमालापण करमत नव्हतं तिकडं?"

"कधीच नाय."

"मग सांगितलं का नाय?" आता तिला रागही आला. "मी इथं काय काय समजत होते! पावसात छप्पर उडालं तेव्हापण तुमाला फोनवर म्हटलं, सगळं ठीक हाय. तुमच्या मजेत कशाला पाणी ओता म्हणून!"

"छप्पर उडालं होतं?"

"आख्खं!"

एवढ्या वर्षांचं एकमेकांना सांगायचं राहून गेलेलं, कुठून सुरुवात करायची कळेना.

"आई विचारायची, सुट्टी कधी," झकेरिया शेवटी म्हणाला. "तू विचारायचीस, रिम्शाला काय आणता. घरी येता का परत, असं कोणी विचारलंच नाय गो. विचारलं असतं तरी मी आलो नसतोच. पण कोणी विचारलं नाय."

आत कुकरची शिट्टी झाली तरी साजिदा उठली नाही.

उन्हं उतरणीला लागली तशी दीपेशनं जीप चालू केली. झकेरिया गुडघ्यावर हात टेकत उभा राहिला आणि त्यानं विचारलं, "चलतेस घरी?" त्या विचारण्यात टोमणा नव्हता. ती हो म्हणाली असती, तर त्यानं तिची पिशवी मुकाट उचलली असती.

"नाय," डोळे पुसत साजिदा म्हणाली. "पाऊस लागेपर्यंत राहते. पण उद्या फोनवर परत विचारा. रोज विचारा."