अकराच्या तारा

घाटकोपरच्या टेकडीखालच्या इमारतीत कुणालाही अंबादासबद्दल विचारा, दोन गोष्टी सांगतील. एक, चौदा एप्रिलच्या जयंतीच्या ऑर्केस्ट्रात तो इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. दुसरी, त्याच्या गिटारीला अकराच्या तारा असतात. पहिली सगळ्यांना ऐकू येते, दुसरी तो स्वतःच सांगत सुटतो. तारांचा नंबर जाडीवरून असतो हो. नऊच्या बारीक, दहाच्या मधल्या, अकराच्या जाड, बोटांची सालं काढणाऱ्या. "नऊच्या तारा म्हणजे शिवणाचा दोरा," हे अंबादासचं ठरलेलं वाक्य. सगळे हसायचे, आणि शेजारी पक्कड घेऊन बसलेला धोंडू मान डोलवायचा, "होय तर, ह्येका अकराच लागतत!"

धोंडू दहिसरला राहायचा, मूळचा मालवणकडचा. धंदा टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचा, पण अंबादासच्या गिटारीचा सगळा कारभार त्याच्याकडे. तारा आणायच्या, चढवायच्या, दांडी सरळ करायची, तारांचा खालचा टेकू, म्हणजे ब्रिज, बसवायचा. अंबादासने आयुष्यात फक्त वाजवलं. लाडावलेला गडी! दिवाळीनंतर धोंडू झोपेतच गेला. त्याची बायको रत्नप्रभा हत्यारांची पिशवी अंबादासच्या हातात देऊन गावी निघून गेली. अंबादासची बायको लता नातू सांभाळायला पवईला मुलीकडे, शनिवारी येते, रविवारी जाते. घरात उरले अंबादास आणि गिटार, आणि खरं सांगायचं तर दोघंही गंजत चालले होते.

जयंती तोंडावर आली तशी अंबादासने हिंमत केली. दुकानात जाऊन चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात अकराचा सेट मागितला. घरी येऊन जुन्या तारा काढल्या, नव्या चढवल्या, सूर लावला, आणि वाट लागली. जाड तारांच्या ओढीने ब्रिज मागून उचलला गेला, दांडी वाकली, तारा दांडीवरच्या धातूच्या पडद्यांपासून एवढ्या उंच गेल्या की दाबताना बोटं कळवळली. आपला हात संपला, असं त्याच्या मनात आलं आणि तो घाबरला. गिटार गेली तर त्याच्याकडे होतं काय दुसरं?

मग त्याला धोंडूचे हात आठवले. गिटारीच्या पाठीतल्या स्प्रिंगा आवळल्या, ब्रिज खाली बसला. दांडीच्या पोटात एक सळई असते, ती चावीने घट्ट केली की दांडी सरळ होते. "पाव फेरो फिरवायचो, मग च्या प्यायची. लाकडाक घाई चालत नाय," धोंडू म्हणायचा. अंबादासने पाव फेरा फिरवला, चहा केला, उभ्यानेच प्यायला. तारा उतरल्या खऱ्या, पण वरच्या टोकाला काही जमेना. तिथे हाडाची एक पट्टी असते, नट म्हणतात तिला, तिच्या खाचांत तारा बसतात. नवी तार काही खाचेत जाईना, वरच्यावरच टेकून राहिली.

"बाराचा सेट गळ्यात मारला काय मेल्या दुकानदाराने!" त्याने पाकीट पाहिलं. अकराच होता. मग कचऱ्याच्या डब्यातून जुनी तार काढली आणि खाचेवर ठेवली. अलगद बसली. दोन्ही तारा उजेडात शेजारी धरल्या, तेव्हा आंधळ्यालाही कळलं असतं. जुनी नऊची होती.

ती पट्टी धोंडूने स्वतः घासून बनवली होती, आधीची झिजली म्हणून. निदान तसं तो म्हणाला होता. त्याच सुमारास अंबादासची बोटं सकाळी आखडायला लागली होती. त्याने लतालासुद्धा सांगितलं नव्हतं. धोंडूने मात्र ओळखलं, बारीक तारा चढवल्या, शंका येऊ नये म्हणून जरा उंचच ठेवल्या, आणि वर लोकांसमोर मान डोलवत बसला.

"अरे चोरा!" अंबादास रिकाम्या घरात ओरडला. "मला फसवलंस? मला?" आणि शिवी द्यायलाही समोर माणूस नाही, म्हणून त्याला रडू फुटलं.

पिशवीत कानस होती. खाचा थोड्या रुंद केल्या की अकराच्या तारा बसणार, शान कायम. त्याने कानस हाडावर टेकवली. पण धोंडूने घासलेल्या त्या बारीक खाचांवर हात चालेना. कानस पिशवीत ठेवली, चप्पल घातली आणि दुकानात गेला. "नऊचा द्या," तो हळूच म्हणाला.

घरी सगळं उलटं केलं. तारा बदलल्या, स्प्रिंगा सैल केल्या, सळई पाव फेरा मागे, पुन्हा चहा. संध्याकाळपर्यंत तारा धोंडूने ठेवल्या होत्या तिथे आल्या. खाचेत अशा बसल्या, जशा काही कधी उठल्याच नव्हत्या.

जयंतीला झकास वाजवलं त्याने. उतरताना कीबोर्डवाल्या सपनाने नेहमीसारखं छेडलं, "काय दादा, अकराच ना?"

त्याने सवयीने शेजारी पाहिलं. तिथे कुणीतरी वायरींचा खोका ठेवला होता.

"नऊ," तो म्हणाला. "शिवणाचा दोरा."

"काहीही हं, दादा!" सपना हसली, सगळेच हसले. कुणाचा विश्वास बसला नाही, आणि त्याच्याशिवाय खरं काय ते माहीत असलेला एकमेव माणूस तिथे नव्हता.