हात करणारी बाई

अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉय गावच्या मराठी मंडळात दिगंबर सबनीसशिवाय पान हलत नाही. गाड्यांच्या कंपनीत साहेबी केली, रिटायर झाला, पण साहेबी काही सुटली नाही. पिकनिक असो की गणपती, हा टाळ्या वाजवत सगळ्यांना हाकणार, "चला, चला, उशीर होतोय!" त्याची बायको शुभा अगदी उलट. तिच्या हातच्या दशम्या अख्ख्या मंडळाला ठाऊक, तिच्या मनातलं कुणालाच नाही. मी तिची जुनी मैत्रीण म्हणवते, पण मलाही नाही.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही चार जोडपी इंग्लंडला रोड ट्रिपला गेलो. आमची खोड अशी, की एका गाडीत पुरुष, दुसरीत बायका. त्यांना क्रिकेट, आम्हाला त्यांची उणीदुणी. पुरुषांची गाडी दिगंबर चालवायचा, बायकांची मी. तिकडे चालणारा फोन त्याने स्वतःपुरताच घेतला. "शुभाला कशाला? आम्ही एकत्रच तर असणार!"

कॉर्नवॉलमध्ये रस्ते इतके चिंचोळे, की कुंपणाची झुडपं दोन्हीकडून काचेला घासायची. एका कड्यावर गाड्या लावून आम्ही समुद्र बघितला. तेवढ्यात भुरभुर सुरू झाली आणि दिगंबरच्या टाळ्याही. आम्ही पळत गाडीत शिरलो आणि पुढे निघालो. शुभाला सकाळपासून गाडी लागत होती, आता यांच्या गाडीत पुढे बसते असं ती म्हणालीही होती. ती दिसली नाही तेव्हा मी धरून चालले, गेली असेल तिकडे. तोंड उघडून विचारायला काय झालं होतं मला!

चांगलं तासभर पुढे एका गावात चहाला थांबलो. माझा नवरा राजेश खुशीत होता. "काय गोड माणसं आहेत यार इथली! पार्किंगमधून एक बाई हात करत होती. दिगंबरने गाडी स्लो करून टाटा केलं तिला!"

"मग! मॅनर्स आहेत आपल्यालाही," दिगंबर हसला आणि आमच्या गाडीकडे वळून म्हणाला, "शुभा, दशम्या काढ गं."

आम्ही तिघी एकमेकींकडे बघायला लागलो.

"अरे, ती तुमच्या गाडीत नाही?" मी विचारलं.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. दशम्या हव्या होत्या म्हणून कळलं आम्हाला. नाहीतर रात्री हॉटेलवर कळलं असतं!

परत जाताना माझी गाडी राजेशने घेतली आणि मी दिगंबरच्या शेजारी बसले. पुढे ट्रॅक्टर, ओव्हरटेक करायला जागा नाही, आणि पलीकडे तो समुद्राचा कडा. "कड्याकडे गेली नसेल ना गं?" एवढंच तो पुनःपुन्हा विचारत होता.

शुभा पार्किंगमधल्या बाथरूमबाहेरच्या बाकावर बसली होती. नखशिखांत भिजलेली. दिगंबर धावत गेला. "अगं, हाक तरी मारायची!"

"हाक मारली. हातही केला," ती म्हणाली. "तुम्ही बघितलंत. हसून टाटा केलंत."

"अगं, टोपी होती तुझ्या डोक्यावर... मला वाटलं कुणीतरी बाई आहे."

बोलून गेला आणि तिथेच थिजला. शुभाने अंगावरच्या लाल जॅकेटचं पाणी झटकलं. "वाढदिवसाला तुम्हीच आणलंत हे," म्हणाली आणि जाऊन माझ्या गाडीत बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता मंडळात कुणी ट्रिपचं विचारलं, की शुभा भरभरून सांगते. मेंढ्या, दगडी घरं, निळाशार समुद्र. त्या पार्किंगबद्दल अवाक्षर काढत नाही. दिगंबर मान खाली घालून खुर्च्या लावत असतो.

परवा त्याने मला किचनमध्ये गाठलं. "रेखा, तुझ्यापाशी तरी काही बोलली का गं ती?"

"नाही."

"एकदा कडकडून भांडली असती तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "रोज सकाळी विचारते, चहा ठेवू का. परक्या माणसाला विचारावं तसं."