शेजारणीचं सम्राटाला पत्र

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. आमच्या शेजारच्या चिनी आंटींनी जपानच्या सम्राटासाठी लिहून दिलेलं पत्र मी बदललं, आणि त्यांना कळू दिलं नाही. आता त्या नाहीत.

पुण्यात जपानी शिकलो आणि त्या जोरावर सिंगापूरला, तुआसमधल्या एका जपानी कारखान्यात लागलो. काम दुभाष्याचं. साहेब कामगारांवर उखडले की मी सांगायचो, "जरा सांभाळून करा म्हणतात." कामगारांनी शिवी हासडली की साहेबांना सांगायचो, "त्यांची थोडी अडचण आहे." दोन्हीकडचा राग मी मधल्यामध्ये गिळायचो, मशिनं चालू राहायची. त्याचं कौतुकच व्हायचं.

आम्ही दोघंही कामावर, त्यामुळे मुलगी शाळेतून थेट आंटींकडे जायची. सहा वर्षं त्यांनी तिला जेवू घातलं, कधी बोलून दाखवलं नाही. जपानचे जुने सम्राट पायउतार होऊन मुलगा गादीवर आला, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं.

दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी सिंगापूर घेतलं तेव्हा आंटी पाच वर्षांच्या होत्या. वडिलांना चौकशीला बोलावलं, लॉरीत चढवलं. ते परत आलेच नाहीत.

"कुठे नेलं, एवढंच विचार. तिथे जाऊन उदबत्ती लावीन."

"सम्राटाला अधिकार नसतो, आंटी. देशाच्या वतीने पंतप्रधान बोलतात. त्यांना लिहू या का?"

"पंतप्रधान? ते हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या स्टॉलसारखे! आज हा, उद्या दुसराच. सम्राटाचं घराणं तेच आहे. आणि अधिकार नव्हता, तर जपानी आल्यावर शाळेत रोज सकाळी आम्हाला त्याच्या दिशेने का वाकवायचे?"

मी कागद-पेन त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी इंग्रजीत एक पान लिहून दिलं. सुरुवातच अशी: तुझ्या आजोबांच्या नावाने माझ्या वडिलांना नेलं. खाली दुभाषा म्हणून माझं नाव-पत्ता येणार होता. कारखान्यात कळलं तर? माझा इथे राहण्याचा पास त्या नोकरीवर. ही भीती खरी होती, पण सगळं तिच्यावर ढकलत नाही. हात सवयीनेच चालला. मी जपानीत लिहिलं की सिंगापूरच्या एक वृद्ध बाई सम्राटांना दीर्घायुष्य चिंतितात आणि जगात शांतता नांदो अशी प्रार्थना करतात. भाषेत बोट ठेवायला जागा नव्हती.

आंटींनी ते मोठ्याने वाचायला लावलं. मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाल्या, "यात ओतोसान कुठे आहे?"

ओतोसान म्हणजे वडील. त्या शाळेतला तेवढा एकच शब्द त्यांच्या लक्षात राहिला होता.

"सम्राटापुढे वडिलांना वेगळा शब्द वापरतात, आंटी."

"असं होय? बरं. तुला जास्त कळतं."

दुसऱ्या दिवशी त्यांच्यादेखत मी पत्र पेटीत टाकलं.

दर ऑगस्टमध्ये सम्राट युद्धातल्या मृतांच्या स्मृतिस्तंभासमोर वाकतात. ते दृश्य त्या माझ्या फोनवर बघायच्या.

"माझं वाचलं असेल का रे?"

"असेल."

"म्हणूनच बघ, किती वेळ वाकलाय."

मी फोन खिशात टाकायचो आणि काहीतरी काम काढून उठायचो.

गेल्या वर्षी त्या गेल्या. आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत शवपेटी ठेवली होती. त्यांच्या मुलीने नातेवाइकांना माझी ओळख करून दिली, "आईचं म्हणणं सम्राटापर्यंत पोचवलं, ते हेच." एका म्हाताऱ्याने उठून मला खुर्ची दिली. मी बसलो. समोरच्या ताटलीतले शेंगदाणे सोलत राहिलो, एकही खाल्ला नाही.

इंग्रजीतलं ते पान माझ्या कपाटात आहे. आंटींच्या मुलीला खरं सांगायचं आहे. मग ते पान जसंच्या तसं, ओतोसान या शब्दासकट, जपानीत उतरवून, खाली माझं नाव घालून पाठवायचं आहे. दोन्ही अजून केलेलं नाही.