रिबिनीतला टाक

देवीवर माझा विश्वास आहे, असं मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आले. पण ठाण्यात नौपाड्यातल्या एका स्कॅन सेंटरच्या बाकावर बसलेली असताना मला कळलं, की माझा कुणावरच विश्वास नव्हता. डॉक्टरांवर नाही, मशीनवर नाही आणि खरं सांगायचं तर देवीवरही नाही. हे लिहायला इतकी वर्षं लागली, कारण यात माझीच शोभा होणार आहे. होऊ दे झाली तर.

नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट. आम्ही ठाकुर्लीला दोन खोल्यांत राहत होतो. हे मानपाड्याच्या एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत पाळीवर जायचे, मी घरी ब्लाऊज शिवायची, आणि देव व स्वयंपाक सासूबाईंकडे. मिनू आमची एकुलती एक, आठ वर्षांची. एका दुपारी शाळेतून येऊन ती वरणभात जेवत होती. जेवता जेवता तिचा डावा हात थरथरायला लागला, डोळे एका बाजूला फिरले आणि ती पाटावरून आडवी झाली. सासूबाईंनी कांदा फोडून तिच्या नाकाशी धरला. मी नुसती तिचं नाव घेऊन ओरडत होते. दोन-तीन मिनिटांत ती शुद्धीवर आली आणि “भात सांडला का गं?” म्हणाली. आठवड्याच्या आत दुसरी फिट आली. आमच्या डोंबिवलीच्या डॉक्टरांनी औषध सुरू केलं आणि चिठ्ठी लिहून दिली. “डोक्याचा सीटी स्कॅन करून घ्या. आत गाठबीठ नाही ना, ते बघायला हवं.”

गाठ हा शब्द त्यांनी सहज वापरला. मी शिवणकाम करणारी, दिवसातून किती गाठी मारत असेन. त्या दिवसापासून दोऱ्याला गाठ मारताना माझा हात अडखळायला लागला.

त्यात शेजारच्या वहिनी. त्यांना सगळ्यातलं सगळं कळायचं. “अगं, ते किरण डोक्यातून आरपार जातात. आमच्या ओळखीतल्या एकाचे केस गेले सगळे. पोरीची जात, उद्या लग्न व्हायचंय, मूलबाळ व्हायचंय, विचार कर. आणि घरी आणल्यावर दोन दिवस तिला वेगळी निजव. ते अंगात राहतं म्हणे.” मी सगळं खरं मानलं. डॉक्टरांना विचारावं असं एकदाही मनात आलं नाही. डॉक्टरांना असलं काही विचारायचं नसतं, अशी आम्हा लोकांची समजूतच होती.

मग मी एक उद्योग केला. आमच्या देव्हाऱ्यात भवानीचा चांदीचा टाक आहे, अंगठ्याच्या नखाहून थोडा मोठा. चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेली देवी, सासूबाईंच्या सासूबाईंपासून चालत आलेली. नवरात्रात घटाशी, पानावर बसण्यापुरता तो जागचा उठतो, एरवी कुणी त्याला हलवायचं नाही. स्कॅनच्या आदल्या दुपारी सासूबाई आडव्या झालेल्या असताना मी हात जोडून तो उचलला. देवाची जागा रिकामी ठेवू नये म्हणून तिथे एक सुपारी ठेवली, सुपारीवर भरपूर जास्वंद घातली. सासूबाईंना मोतीबिंदू होता, म्हटलं कळायचं नाही. मिनूच्या लाल रिबिनीला मी आतून बारीक कप्पा शिवला आणि टाक त्यात बंद केला. टाके असे घातले की माझे मलाच दिसेनात. सकाळी तिच्या दोन वेण्या वर दुमडून बांधल्या तेव्हा देवी बरोबर तिच्या उजव्या कानाच्या वर आली. किरण आले तर आधी देवीवर येतील, असा माझा हिशेब होता.

ह्यांची पहिली पाळी होती, रजा मिळाली नाही. मी एकटीच मिनूला घेऊन ठाण्याला गेले. पोरीला उपाशी आणायला सांगितलं होतं. निघताना सासूबाई राजगिऱ्याचा लाडू घेऊन मागे लागल्या होत्या, “हा उपासाला चालतो गं” म्हणून. त्यांच्या डोळ्याला डोळा न देता मी बाहेर पडले.

सेंटरमध्ये स्कॅन काढणारा तंत्रज्ञ चुणचुणीत होता. त्याने मिनूच्या कानातल्या रिंगा काढायला लावल्या, गळ्यातली साखळी काढायला लावली, क्लिपा मोजून माझ्या हातात दिल्या. “धातूचं आणखी काही? रिबिनी कापडाच्याच ना?”

“हो, कापडाच्याच,” मी म्हटलं.

“पोर घाबरून हलली तर फोटो बिघडतात. तुम्ही आत थांबता का तिच्याजवळ? शिशाचा एप्रन देतो.”

आता कबूल करते. मी नको म्हटलं. “ती शहाणी आहे, राहील एकटी,” असं तोंडाने म्हटलं. मनात होतं की ते किरण मला नकोत. वहिनींचं बोलणं माझ्या कानात होतं आणि मी स्वतःच्या जिवाला भ्याले होते. आठ वर्षांच्या पोरीला त्या खोलीत पाठवताना मी देवीला पुढे केलं आणि स्वतः मागे राहिले.

तिथे कामाला एक मावशी होत्या. पन्नाशीच्या पुढच्या, खाडीकडच्या कोळीवाड्यातल्या, अंगावर कोळणीचं लुगडं आणि वर सेंटरचा निळा कोट. त्यांनी मिनूचा हात धरला. “चल गो बाय, फोटू कारूया तुजा,” म्हणत तिला आत नेलं आणि झोपवून बाहेर आल्या. दारावर लाल दिवा लागला. आतून घरघर ऐकू यायला लागली आणि मी डोळे मिटून नामस्मरण सुरू केलं. पाच-दहा मिनिटांतच घरघर थांबली. तंत्रज्ञ तरातरा बाहेर आला.

“बाई, पोरीच्या डोक्याला काय लावलंय?”

त्याने मला पडद्यासमोर नेलं. मिनूच्या डोक्याचं काळंपांढरं चित्र होतं. त्यात कानाच्या बाजूने पांढऱ्याशुभ्र रेघा फुटून सगळीकडे पसरल्या होत्या. एका बाजूचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. “विचारलं होतं ना मी? धातू असला की असंच होतं. आता उगाच पोरीला परत किरण द्यायचे!”

पोरीला परत किरण! ज्याच्यापासून तिला वाचवायला मी एवढं सगळं केलं, तेच माझ्यामुळे तिच्यावर दुसऱ्यांदा येणार होतं. मी तिथेच खाली बसले आणि हमसून रडायला लागले. मिनू दारात येऊन बघत होती, तेही मला कळलं नाही.

आवाज ऐकून आतल्या डॉक्टरीणबाई आल्या. वयाने मोठ्या, शांत. मला वाटलं आता बाईंचीही बोलणी खावी लागणार. त्यांनी कात्री मागवली, माझ्या हातात दिली आणि मी टाके उसवेपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या. टाक बघून म्हणाल्या, “कशाची भीती वाटली तुम्हाला?” आजवर कुठल्याच डॉक्टरांनी मला असं विचारलं नव्हतं. मी केसांचं सांगितलं, लग्नाचं, मूलबाळाचं, वेगळं निजवण्याचं.

“हे बघा,” त्या म्हणाल्या, “किरण असतात हे खरं आहे. छातीच्या साध्या एक्स-रेपेक्षा यात बरेच जास्त असतात, म्हणून तर कारण असल्याशिवाय आम्ही हा काढत नाही. थोडासा धोका त्यात धरावाच लागतो. पण पोरीला फिट का येते ते न शोधणं त्याहून कितीतरी धोक्याचं आहे. एवढ्याने तिचे केस जाणार नाहीत की मूलबाळ अडणार नाही. मशीन बंद झालं की किरण संपले, अंगात काही उरत नाही. आज कुशीत घेऊन झोपा तिला. आणि सगळं परत करायचं नाहीये, बिघडलेल्या तेवढ्याच चकत्या, म्हणजे तेवढेच आडवे फोटो, पुन्हा घेऊ. पुढे कुठेही गेलात तरी या फिल्म बरोबर न्यायच्या, म्हणजे कुणी विनाकारण पुन्हा काढणार नाही.” मग हलकेच विचारलं, “तुम्हाला दिवस गेलेले नाहीत ना?” मी नाही म्हटलं. “मग यावेळी तुम्ही आत थांबा.”

मी टाक हातात घेऊन तशीच उभी. ठेवू कुठे? पर्स चामड्याची, बाक सगळ्यांच्या बसण्याचं. मावशी सगळं बघत होत्या. त्या नळावर गेल्या, हात धुतले, पदर पुढे पसरला.

“दे गो हिकरं. देवीला मी संभालते. पोरीला आई पायजे.”

मी त्या पदरात टाक ठेवला. ना ओळख ना पाळख, नावसुद्धा ठाऊक नाही. पण मी ठेवला, आणि छातीवरचा एक भला मोठा धोंडा त्या पदरात गेला. मावशींनी तो कपाळाला लावला, आपल्या एकवीरा आईचं नाव घेतलं आणि स्टुलावर बसल्या. मी शिशाचा एप्रन चढवला. तो इतका जड, की खांदे खाली आले. आत गेले, मिनूचं पाऊल हातात धरलं. घरघर सुरू झाली. तेवढ्यात मिनूचा बारीक आवाज आला.

“आई, तू थरथरतेयस. हलू नकोस गं, फोटो बिघडेल.”

मग मी हलले नाही. कुठलंही नाव घेतलं नाही, काही मागितलं नाही. तिचं गार पाऊल माझ्या हातात होतं आणि हळूहळू ते गरम होत गेलं, एवढंच आठवतं. इतकी शांतता मला कुठल्या देवळात मिळाली नव्हती.

रिपोर्ट दुपारी मिळाला. मिनूच्या मेंदूत उजव्या बाजूला एक छोटा गोल डाग होता, भोवती थोडी सूज. बरोबर रिबिनीच्या खाली, त्या पांढऱ्या रेघांच्या आड. चित्र तसंच राहिलं असतं तर तो कुणाला दिसलाच नसता. “मोठी गाठ म्हणतात तसं काही वाटत नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “बहुधा जंतूंमुळे आलेला डाग आहे. तुमचे डॉक्टर फिटची गोळी ठरवतील, ती एकही दिवस चुकवायची नाही. लहान मुलांत असे डाग कितीदा आपोआप विरतात. तीन महिन्यांनी परत बघू.” त्या खात्री देत नाहीत हे मला समजत होतं. पण पहिल्यांदाच कुणाचं तरी बोलणं मला खरं वाटलं.

मावशींकडून परत घेतलेला टाक मी त्या संध्याकाळी सुपारी बाजूला सारून गुपचूप जागी बसवला. तीन महिने मात्र सरता सरेनात. महिना झाल्यावर मी एकटीच पुन्हा तिथे गेले. “एकदा बघून टाकू ना, माझ्या मनाला बरं वाटेल.” डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. “तुमच्या मनासाठी तिला किरण कशाला? फिट आली का? नाही ना? मग थांबा. थांबणं हेही औषधच आहे.” मी परत फिरले. रोज संध्याकाळी गोळी द्यायची, दिवा लावायचा आणि काही न विचारता उठायचं, हे मी तेव्हा शिकले. नवससुद्धा बोलले नाही.

तीन महिन्यांनी हे रजा काढून बरोबर आले. दारात त्याच मावशी, वडापाव खात बसलेल्या. मी धावत जाऊन त्यांच्या पाया पडले, तर त्या दचकल्या. “कोन गो तू?” त्यांना काहीच आठवत नव्हतं. रोज इतकी माणसं येतात, त्या तरी काय करणार! मला आधी वाईट वाटलं, मग हसू आलं. आमच्यासाठी जे आभाळाएवढं होतं, ते त्यांचं नेहमीचंच काम होतं. मिनूच्या केसांना त्या दिवशी रिबीनच नव्हती.

फिल्म उजेडावर लावून डॉक्टरीणबाईंनी जुनी आणि नवी शेजारी धरली. डाग नव्हता. “विरला,” एवढंच म्हणाल्या. गोळी आणखी बराच काळ चालली, मग तीही सुटली.

घरी आल्यावर देवापुढे पेढे ठेवले आणि माझ्याच्याने राहवेना. सासूबाईंच्या पायाशी बसून सगळं सांगून टाकलं. टाक, सुपारी, खोटं बोलणं, आत न जाणं, सगळं. त्या पान लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळतं की. त्या दिवशी गंध लावलं तर हाताला सुपारी लागली.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“निघालेल्याला कुठे चाललीस म्हणून विचारू नये. गेली असेल पोरीबरोबर, म्हटलं. येईल.”

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. भीती त्यांनाही होतीच की, नात होती ती त्यांची. पण त्या दिवशी सुपारीला हळदकुंकू वाहून त्या गप्प बसल्या, आणि मी मात्र देवीला सुईदोऱ्याने शिवून बांधायला निघाले होते.

सासूबाईंना पानाचा मोठा नाद. पण ती सुपारी त्यांनी शेवटपर्यंत अडकित्त्यात धरली नाही. जी एक दिवस देवीच्या जागी बसली तिला कातरायची कशी, म्हणायच्या. ती अजून आमच्या देव्हाऱ्यात टाकाच्या शेजारी आहे. मिनूला आता स्वतःची मुलगी आहे, आणि मिनूचे केस अजून माझ्या शिलाई मशीनच्या चाकात अडकतील इतके लांब आहेत. नात्यातलं कुणी आपल्या माणसाला स्कॅनला घेऊन निघालं की घाबरून माझ्याकडे येतं, अंगारा मागतं. मी म्हणते, जे विचारायचं ते डॉक्टरांना विचार, जुन्या फिल्म घे, आणि त्याच्या अंगावरचं धातूचं सगळं इथे देवापाशी काढून ठेव. मग जो आत जाणार आहे, त्याचं पाऊल धर.