वीज कडाडली तर असं बसायचं

आमच्या शाळेत वीज मी पाडायचो. खोटं नाही. खिचडीच्या पातेल्याचं झाकण घ्यायचो, भिंतीआड उभा राहायचो आणि बत्त्यानं असं बडवायचो की तिकडं येलदरीला धरणाची दारं आपोआप उघडत असतील. खिचडी शिजवणारी मावशी ओरडायची, "सर, झाकणाला पोचे पडलेत. उद्या तुमचं टक्कल ठेवू का पातेल्यावर?"

राणीसावरगावच्या अलीकडच्या एका खेड्यात मी तिसरीला शिकवायचो. पावसाळा सरता सरता त्या भागात विजा लय पडतात आणि सुट्टीला पोरं रानातच असतात. म्हणून ही कवायत. झाकण वाजलं की पक्क्या घराकडं पळायचं. घर लांब असलं तर झाड सोडायचं, मोकळ्या सखल जागी टाचा जुळवून उकिडवं बसायचं. डोकं गुडघ्यांत, हात कानांवर. आडवं पडायचं नाही.

वर्गातली एक पोरगी यात उस्ताद. ती बसली की दगड परवडला. एकदा तिच्या डोक्यावर कावळा येऊन बसला, पंख विंचरले, गावभर नजर टाकली, उडून गेला, तरी ही हलली नाही. टाचा सुटायच्या त्या माझ्याच. मग ती गुडघ्यांत तोंड ठेवूनच बजावायची, "सर, तुमाला लागल बरं का वीज."

सोयाबीन काढणीच्या दिवसांत ती आजोबांसोबत रानात गेली होती. दुपारी आभाळ भरून आलं. घर लांब. ती पळत पळत मोकळ्या पट्टीत गेली आणि बसली, शाळेत बसायची तशीच.

पुढचं मला आजोबांनीच सांगितलं. दहावा झाल्यावर ते शाळेत आले, ओट्यावर टेकले. पाणी दिलं, ते तसंच हातात राहिलं.

"मला वाटलं पोरगी भेदरली. म्हनलं, काय करायलीस माय, भिजायलीस की. उचलली. तर म्हनती, आबा, झाडाखाली न्हाई, सर म्हनलेत. मी म्हनलं, भिऊ नको, मी हाय की. लिंबाच्या बुडाला कोरड्यात बसवली. डोक्यावर पोत्याची खोळ घातली. आन् बैल सोडायला गेलो."

बैल वाचले. आजोबा वाचले. लिंब उभा चिरला.

"गुर्जी," ते म्हणाले, "तितंच बसू दिली असती, तर?"

माझ्याकडं थापांचं गोदाम भरलेलं होतं. हाताला येईल ती पुढं केली. "आबा, वीजच ती. उघड्यावरसुद्धा पडते. तिचं काय सांगावं?"

यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि एवढी मोठी थाप मी आयुष्यात मारली नव्हती.

"न्हाई गुर्जी. मीबी उघड्यावरच होतो."

तांब्या खाली ठेवून ते अंगणात उतरले. "मला दावा. कशी बसायची ती."

मी बसून दाखवलं. त्यांना जमेना. गुडघे वळेनात, टाचा फाकायच्या, तोल जायचा. वर्गातली पोरं न सांगता बाहेर आली. दोघा-तिघांनी मागून त्यांच्या टाचा जुळवून धरल्या. एकीनं फेटा काढून मांडीवर घेतला. "आबा, डोकं आत. आता कान झाका."

त्यांनी कान झाकले. गुडघ्यांतून आवाज आला, स्वतःशीच बोलल्यासारखा.

"मी उचलली, तवाच तिनं कानावरले हात काढले. माझ्या गळ्यात टाकले."

पोरांनी त्यांच्या टाचा सोडल्या नाहीत.